मळ्यातला ट्रक आणि सोळा वर्षांचा मिस्त्री : वाचकांचे प्रश्न

या वेळच्या टपालात जुन्या मालट्रकांबद्दलची पत्रं एकगठ्ठा आली आहेत. प्रयाग चिखलीचं पत्र सगळ्यांत लांब, म्हणून त्याचं उत्तरही लांब. बाकीची त्याच विषयाच्या आसपासची आहेत, ती मागोमाग घेतली.

प्रश्न : मी अकरावीत आहे, वय १६. मळ्यात आजोबांचा टाटा १२१० एसई उभा आहे, १९८६ चा. हंगामात कारखान्याला ऊस आणि एरवी मार्केट यार्डला गूळ, असं त्याचं काम होतं. २०१३ पासून बंद आहे. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात केबिनच्या पायरीपर्यंत पाणी आलेलं. इंजिन जाम आहे. चुलतभाऊ म्हणतो, ट्रॅक्टरनं टोचन लावून ओढू, सुटेल. मला सगळी गाडी नीट करायची आहे. सुरुवात कुठून करू? (प्रयाग चिखली, ता. करवीर)

उत्तर : टोचन लावायचं नाही. हे वाक्य चुलतभावालाही वाचून दाखव.

जाम इंजिन ओढून फिरवताना आत काय होतं ते बघ. तुझ्या गाडीत ६९२ इंजिन असेल तर सहा सिलिंडर, बोअर ९२ मिमी आणि स्ट्रोक १२० मिमी, म्हणजे एका सिलिंडरचं माप जवळपास ८०० सीसी. पिस्टन वर येतो तेव्हा ही हवा सतरा पटीच्या आसपास दाबली जाते आणि वर जागा उरते पन्नास मिलीच्या आतबाहेर. अर्धा कप चहा म्हण. तेवढ्या जागेत पाणी साचलेलं असेल तर ते दबत नाही. एकीकडून ट्रॅक्टरचा जोर, दुसरीकडे न दबणारं पाणी, मध्ये सापडतो पिस्टनखालचा कनेक्टिंग रॉड, आणि तोच वाकतो. पाणी नसलं तरी पिस्टनच्या रिंगा गंजानं लायनरला, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या नळीला, धरून बसलेल्या असतात. हिसका दिला की त्या तुटतात आणि तुकडे लायनरला ओरखडे पाडतात. शिवाय या गाडीला आज ब्रेक नाहीत. दोरीच्या मागे पाच टनांच्या आसपासचं धूड ब्रेकशिवाय येतंय हे ओढणाऱ्याच्या ध्यानात नसतं.

इंजिनावरची पट्टी खरवडून नंबर वाच. ६९७ निघालं तर बोअर ९७ आणि स्ट्रोक १२८, आणि ६९२ चे पिस्टन-रिंगा त्याला चालत नाहीत. पट्टी न वाचता दुकानात 'बारादहाच्या रिंगा द्या' म्हटलं की चुकीचा डबा हातात पडतो. बऱ्याच गाड्यांची इंजिनं मधल्या काळात बदललेली असतात, त्यामुळे गाडीच्या वर्षावरून अंदाज बांधू नको.

पहिले दोन दिवस पाना हातात धरायचा नाही. वही, मोबाइलचे फोटो, प्लास्टिकच्या पिशव्या आणि मार्कर एवढंच. नळ्या, वायरी आणि लिंकेज सुटण्याआधी प्रत्येकाचे दोन बाजूंनी फोटो घे. सहा महिन्यांनी जोडताना 'ही क्लिप कुठली' हा प्रश्न शंभरदा पडतो.

मग पाणी शोधायचं. पायरीपर्यंत पूर म्हणजे चेंबर (इंजिनाखालचं तेलाचं भांडं), गिअरबॉक्स, मागचं हाउसिंग (मागच्या अ‍ॅक्सलमधला गिअरचा गोळा), चारही हब (चाकांच्या मधले बेअरिंगचे गाभे) आणि सायलेन्सर पाण्याखाली होते. पाणी तेलापेक्षा जड असल्यामुळे ते तळाशी जाऊन बसतं. चेंबरचा ड्रेन बोल्ट एकदम काढू नको. खाली पारदर्शक बाटली धर आणि बोल्ट दोन-तीन आटे सैल कर. आधी पाणी ठिबकलं, मग काळं तेल आलं, तर ते पाणी कडेच्या सीलमधून झिरपलेलं आहे. पहिल्यापासून दुधाळ, चहासारखं मिश्रण आलं तर तेल आणि पाणी घुसळलेलं आहे, म्हणजे पाणी शिरल्यावर कुणीतरी इंजिन फिरवलं होतं. तसं असेल तर चेंबर उतरवून बेअरिंगचे शेल बघितल्याशिवाय पुढे जायचं नाही. हीच परीक्षा गिअरबॉक्सला आणि हाउसिंगला. हाउसिंगच्या डोक्यावर बोटाएवढा ब्रीदर (हवा जायचं तोंड) असतो, पुराचं पाणी बहुतेक वेळा तिथूनच आत जातं. तो काढून डिझेलनं धू आणि फुंकर मारून बघ.

हब चारही उघडावेच लागतील. आतलं ग्रीस पिवळट, फेटलेल्या लोण्यासारखं झालेलं असेल. बेअरिंग धुऊन रोलरवर नख फिरव. खड्डा लागला की बेअरिंग आणि त्याचा कप दोन्ही बदल. नवं बेअरिंग जुन्या कपात बसवणं ही पैसे वाचवायची जागा नव्हे.

आता जाम इंजिन. सहाही नोझल (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारी तोंडं) काढ आणि त्यांच्या जागेवरून प्रत्येक सिलिंडरमध्ये डिझेल आणि ऑटोमॅटिक गिअरचं पातळ तेल निम्मं-निम्मं मिसळून ५० मिली ओत. तोंडं स्वच्छ फडक्यानं झाक, म्हणजे धूळ आणि गांधीलमाशा आत जात नाहीत. आठवडाभर ठेव, मधे दोनदा पुन्हा थोडं ओत. मग क्रँक पुलीच्या बोल्टला लांब हँडल लावून समोरून पाहताना घड्याळाच्या दिशेनं दाब. हलत नसेल तर उलट दिशेनं अगदी थोडं, परत सुलट. बोटभर हललं तरी त्या दिवशी तिथंच थांब आणि तेल मुरू दे. हँडलला पाइप जोडून लटकायचं नाही. त्यात पुलीचा बोल्ट तुटतो आणि एका कामाची दोन होतात. फ्लायव्हीलच्या दात्यांत टॉमी (लोखंडी दांडा) अडकवून फिरवणारे मिस्त्रीही भेटतील. दाता तुटला तर सेल्फ (इंजिन चालू करणारी मोटर) तिथे कायमचा घसरतो. दोन आठवड्यांत इंजिन हललं नाही तर हेड, म्हणजे सिलिंडरांवरचं झाकण, उतरवायचं. त्यात कमीपणा नाही, तसंही एवढ्या वर्षांनी हेड पॅकिंगचा भरवसा धरता येत नाही.

क्लच प्लेट गंजानं फ्लायव्हीलला चिकटलेली असणार, कारण बेल हाउसिंगच्या तळाला भोक असतं आणि पंचगंगेचा गाळ तिथून आत जातो. इंजिन चालू करून गिअर टाकून झटका द्यायचा उपाय ब्रेक नसलेल्या गाडीला करू नको. गिअरबॉक्स उतरव. तो माणसानं छातीवर झेलायचा नसतो. चेन पुली किंवा गिअरबॉक्सचा जॅक पाहिजे आणि सोबत दोन माणसं.

प्रश्न (त्याच पत्रातला) : इंजिन मोकळं झालं तर पहिल्यांदा चालू कसं करायचं? काय चुकू शकतं?

उत्तर : सगळ्यांत वाईट चूक म्हणजे इंजिन आवरत नाही ती. हे नीट वाच.

डिझेल इंजिनाला ठिणगी लागत नाही. चावी फिरवून ते बंद होत नाही, डिझेल तोडलं तरच बंद होतं. फ्युएल पंपाच्या आत एक दांडी सरकते आणि तीच डिझेलचं प्रमाण ठरवते. बारा वर्षं उभ्या पंपात जुन्या डिझेलचा चिकट थर बसतो आणि ही दांडी 'पूर्ण डिझेल'ला अडकू शकते. अशा वेळी चालू झालेलं इंजिन वेग घेत घेत फुटेपर्यंत पळतं. म्हणून पंप आणि सहाही नोझल आधी पंप दुरुस्तीवाल्याकडे द्यायचे. शिवाजी उद्यमनगरात टेस्ट बेंचवर पंप लावणारी दुकानं आहेत. पंप काढण्याआधी कपलिंगवर आणि ब्लॉकवर छिन्नीनं समोरासमोर खूण कर, म्हणजे टायमिंग पुन्हा त्याच जागी बसतं. परत बसवल्यावर अ‍ॅक्सिलेटरची आणि बंद करायची केबल हातानं ओढून लीव्हर स्प्रिंगसारखा परत येतो का ते बघ. येत नसेल तर सेल्फला वायरसुद्धा जोडू नको.

एअर क्लीनर तेलाच्या वाटीचा असेल तर खुणेपर्यंतच तेल भर. जास्त भरलं तर इंजिन तेच ओढून घेतं आणि डिझेल तोडूनही पळत राहतं. पहिल्या स्टार्टला क्लीनरची नळी काढून ठेव आणि हवेच्या तोंडाशी एक माणूस उभा कर. त्याच्या हातात तोंड झाकेल एवढी १२ मिमीची प्लायवूडची फळी हवी. इंजिन आवरेना झालं तर फळी तोंडावर दाबायची. हाताचा तळवा नाही, पोतं नाही, फडकं नाही. फडकं आत खेचलं जातं.

टाकी उतरवून रिकामी कर. आतला जुना माल गाडीत परत जाता कामा नये. टाकीला भोक असेल तर वेल्डिंगवाल्याकडे थेट देऊ नको. रिकाम्या टाकीतली वाफच पेटते. दोन्ही फिल्टर नवे, रबरी नळ्या नव्या, नळ्यांच्या जोडांवरच्या बॅन्जो बोल्टचे तांब्याचे वॉशर नवे. पाच-दहा रुपयांचा वॉशर वाचवला की हवा ओढते आणि महिनाभर 'गाडी चालू होऊन बंद पडते' एवढंच ऐकत बसायचं. मग डिझेलच्या नळ्यांतली एअर (हवा) काढायची. फीड पंपाचा हँडल मारत फिल्टरचा स्क्रू सैल ठेव, बुडबुडे संपले की आवळ. पुढे पंपाचा स्क्रू आणि शेवटी नोझलच्या नळ्या. हाय प्रेशर नळीच्या फवाऱ्यापुढे बोट धरायचं नाही, तो कातडीत घुसतो. नोझलच्या नळ्या बसवताना क्रम ध्यानात ठेव, फायरिंग १-५-३-६-२-४ आहे.

१५डब्ल्यू-४० तेल घाल, सुरुवातीला दहा लिटर, पुढे डिपस्टिक बघत. बंद करायची केबल ओढून धरूनच सेल्फ मार, म्हणजे इंजिन फिरतं पण पेटत नाही. पंधरा सेकंद फिरव, एक मिनिट थांब, सेल्फ तापतो. तेलाचा काटा हलेपर्यंत हेच कर. काटा वर आला, मगच केबल सोड. बॅटरी लावायच्या आधी सेल्फच्या पट्टीवर १२ व्होल्ट की २४ ते वाच. 'ट्रकला २४च असतात' यावर जाऊ नको.

चालू झाल्यावर निळसर धूर आणि पाच मिनिटांनी थोडा कमी झालेला खडखडाट यांनी घाबरायचं कारण नाही. पांढरा धूर गरम झाल्यावरही राहिला किंवा रेडिएटरमध्ये बुडबुडे आले तर बंद कर, हेड पॅकिंग गेलं. कॉम्प्रेशन मोजणार असशील तर सहाही आकडे जवळजवळ सारखे असणं हे एखाद्या आकड्याच्या मोठेपणापेक्षा महत्त्वाचं.

प्रश्न (शेवटचा, त्याच पत्रातला) : हत्यारं कुठली घेऊ? बाबा म्हणतात यादी दे.

उत्तर : पाने तुला पुष्कळ जण देतील, घोड्या कुणी देत नाही. म्हणून पहिला पैसा लोखंडी घोड्यांत घाल. निदान पाच-पाच टनांच्या चार. त्यानंतर बाटली जॅक, दहा किंवा वीस टनी. जॅक फक्त उचलायला असतो, तोलून धरायला घोड्या. विटा, सिमेंटचे पोकळ ब्लॉक आणि 'पाच मिनिटांचंच काम आहे' यांच्या भरवशावर गाडीखाली शिरायचं नाही. मळ्यातली काळी माती पावसात लोण्यासारखी होते, जॅक एका बाजूनं खचतो. जॅक आणि घोड्यांखाली लोखंडी जाड पत्रा किंवा लाकडी स्लीपर पाहिजेच. शक्य असेल तर जून ते सप्टेंबर गाडी उचलूच नको, त्या महिन्यांत सुटे भाग घरात घेऊन धू आणि रंगव.

बाकी : तीन चतुर्थांश इंचाचा सॉकेट सेट, टॉर्क रेंच, ग्रीस गन, वायर ब्रश, फीलर गेज, पुलर, गंज सोडवणारा स्प्रे, आणि हेडसाठी दुसऱ्या माणसाचा हात. गंजलेला नट पान्यानं सुटत नसेल तर दिव्यानं (ब्लो लॅम्पनं) तापव, पण डिझेलची नळी आणि ब्रेकची नळी जवळ नसल्याची खात्री करून. डाव्या बाजूच्या चाकांचे नट जुन्या ट्रकांत उलट्या आट्यांचे असू शकतात. स्टडच्या टोकावर एल कोरलेला आहे का ते आधी बघ, नाहीतर सोडवतोय म्हणून आवळत बसशील.

प्रश्न : मागच्या जोडचाकातलं आतलं टायर बसलंय. कॉम्प्रेसर आणून हवा भरावी म्हणतो. (शिरोळ तालुक्यातून)

उत्तर : मुळीच भरू नका. तुमच्या गाडीला ९.००-२० टायर आणि लॉक रिंगचं चाक असणार. ही रिंग रिमच्या नुसत्या खाचेत बसलेली असते, टायरमधली हवाच तिला जागेवर धरते. खाच गंजली असेल, रिंग वाकली असेल किंवा दुसऱ्या गाडीची असेल तर हवा भरताना ती सुटते. शंभर पीएसआयच्या जवळ दाब असतो, लागेल त्याचं डोकं ठिकाणावर राहत नाही. हे शब्दशः घ्या.

उभ्या गाडीत बसलेलं टायर जागेवरच फुगवायचं नाही. आधी दोन्ही टायरांतली पिन काढून हवा पूर्ण सोडायची, मग नट सैल करायचे; जोडीतल्या बाहेरच्या टायरातलीही, तिथेच लोक फसतात. रिंग आणि खाच वायर ब्रशनं चकचकीत करून बघा. खड्डे दिसले तर रिम भंगारात द्या, वेल्डिंग करून घेऊ नका. चाक लोखंडी पिंजऱ्यात ठेवूनच हवा भरायची. पिंजरा नसेल तर ज्याच्याकडे आहे त्याच्याकडे चाक न्या. टायरच्या बाजूला शेवटच्या चार अंकांत तारीख असते : ०९१३ म्हणजे २०१३ चा नववा आठवडा. इतकं जुनं टायर नक्षी चांगली दिसली तरी फक्त अंगणात हलवण्यापुरतं.

प्रश्न : आमच्या १७ वर्षांच्या मुलीला मामाचा जुना ट्रक नीट करायचाय. तिला अडवायचं नाही, पण काळजी वाटते. ती तो चालवू शकेल का? 'व्हिंटेज' नंबर मिळेल का? (कागल)

उत्तर : ताई, दुरुस्तीला वयाची अट नाही, रस्त्याला आहे. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ४ प्रमाणे सार्वजनिक जागी गाडी चालवायला १८ वर्षं आणि मालवाहू वाहतुकीच्या गाडीला २० वर्षं पूर्ण लागतात. मळ्याच्या कुंपणात हलवणं वेगळं, पण गावच्या पाणंदीवर उतरलं की तीही सार्वजनिक जागाच. २०१९ च्या दुरुस्तीत कलम १९९अ आलं. अल्पवयीनानं गुन्हा केला तर पालक किंवा मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड होतो, गाडीची नोंदणी १२ महिने रद्द होते आणि त्या मुलाला २५ वर्षांचा होईपर्यंत लायसन्स मिळत नाही. गाडी मामांच्या नावावर आहे, हे मामांनाही सांगा.

व्हिंटेजचं विसरा. केंद्राचे २०२१ चे नियम ५० वर्षांपेक्षा जुन्या, खासगी वापराच्या दुचाकी-चारचाकींसाठी आहेत. ट्रकला नेहमीचंच फिटनेस आणि नोंदणीचं काम करावं लागेल. एमएच ०९ च्या कार्यालयात जाण्याआधी आरसी बुकातला चेसिस नंबर आणि इंजिन नंबर गाडीवर स्वतः बघून घ्या. चेसिसवरचा नंबर गंजानं पुसट झाला असेल तर ग्राइंडर अजिबात लावायचा नाही. केरोसीन आणि नायलॉन ब्रशनं साफ करून पेन्सिलीची छाप कागदावर घ्या.

काळजीच्या तीन जागा. ओढणी, सैल बाही आणि मोकळे केस पंख्याच्या पट्ट्यात जातात. अंगठी आणि बांगडी बॅटरीच्या दोन टोकांना टेकली की लाल होते. आणि जुन्या ब्रेक लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं : ड्रम उघडल्यावर कॉम्प्रेसरची हवा मारायची नाही, साबणाच्या पाण्यानं भिजवून पुसून घ्यायचं, फडकं पिशवीत बांधून टाकायचं, आणि तोंडाला रुमाल नाही तर बारीक धुळीचा खरा मास्क.

प्रश्न : ब्रेकचं नक्की काय तपासू? पेडल दगडासारखं कडक आहे. (हातकणंगले)

उत्तर : आधी गाडीला कुठला ब्रेक आहे ते ठरवा. तेलाची बाटली आणि हवेची टाकी दोन्ही असतील तर हवेच्या मदतीचा हायड्रॉलिक. फक्त हवा असेल तर फुल एअर. पहिल्या प्रकारात इंजिन बंद असताना किंवा टाकीत हवा नसताना पेडल कडक लागणारच, मदत नाही ना. हवा भरूनही कडक राहिलं तर मदत देणारा व्हॉल्व्ह किंवा चाकातले सिलिंडर जाम आहेत. सिलिंडर उघडून रबरं सरसकट बदला, आत खड्डे असतील तर होनिंग (आतून घासणं) करत बसू नका, नवा घ्या. फुल एअरमध्ये टाकीचा खालचा नळ उघडा. गंजाचं तपकिरी पाणी निघालं तर टाकीही बघून घ्या. इंजिन बंद करून दाबाचा काटा किती उतरतो ते लिहा आणि साबणाच्या फेसानं गळती शोधा.

प्रश्न : रंग कधी द्यायचा? आणि हौद्यावर आजोबांनी लिहून घेतलेली ओळ ठेवता येईल का? (राधानगरी)

उत्तर : सगळ्यात शेवटी. चेसिस, ब्रॅकेट आणि चाकांच्या रिम यांचं शॉट ब्लास्टिंग करून घ्या. कोल्हापुरात फाउंड्र्या इतक्या आहेत की शिरोली किंवा गोकुळ शिरगावात सोय होते. पण केबिनचा पातळ पत्रा तिथे देऊ नका, दाण्यांच्या माऱ्यानं तो लाटा धरतो. तो हातानं आणि केमिकलनं. हब, हाउसिंग, स्टिअरिंग बॉक्स ब्लास्टिंगला पाठवायचे नाहीत, दाणा आत शिरला की बेअरिंग गेलंच. ब्लास्टिंग झालं की त्याच दिवशी प्रायमर, दुसऱ्या दिवशी पावसाळी हवेत पिवळी झाक चढते. रिव्हेटच्या डोक्याभोवती गंजाची रेघ दिसली तर तो रिव्हेट सैल आहे, वरून रंग देऊन झाकू नका. चेसिसच्या वरच्या-खालच्या पट्टीवर वेल्डिंग किंवा भोक करायचं नाही, तिथूनच चिरते.

ओळ ठेवता येईल. घासण्याआधी बटर पेपर चिकटपट्टीनं लावून अक्षरांची कड पेन्सिलीनं गिरवा, दोन अक्षरांमधलं अंतर आणि फाळक्याच्या कडेपासूनचं अंतर वेगळं मोजून लिहा आणि रंगांचा एकेक पापुद्रा पाकिटात ठेवा, रंगवाल्याला छटा जुळवायला तोच लागतो. ती ओळ 'हॉर्न ओके प्लीज' असेल तर मात्र एक अडचण : महाराष्ट्रात २०१५ मध्ये मालवाहू गाड्यांवर ती लिहायला बंदी आली आहे. मग तो बटर पेपर काच लावून सोप्यात टांगा.